जुनी औषधे, दुर्मिळ यकृतविकार आणि जनुकांची साक्ष

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



आजार नेहमीचा असला म्हणजे त्याचे औषध गल्लीतल्या दुकानात मिळते. मधुमेह, रक्तदाब, दमा यांवर डझनावारी औषधे आहेत आणि नवी येतच असतात. परंतु लाखात एखाद्यालाच होणारा आजार ज्या घरात शिरतो, त्या घराची अवस्था वेगळी असते. आधी आजाराचे नाव कळण्यातच महिने, कधी वर्षे जातात. नाव कळले की दुसरा धक्का बसतो. त्यावर औषधच नसते. असलेच तर ते परदेशात असते आणि त्याची किंमत ऐकून बाप मान खाली घालतो. नवे औषध प्रयोगशाळेतून रुग्णापर्यंत येण्यास दहा-पंधरा वर्षे लागतात आणि खर्च अफाट होतो. मूठभर रुग्णांसाठी एवढा खर्च करण्यास कोणी सहज पुढे येत नाही.

या कोंडीतून निघण्याचा एक मार्ग गेल्या काही दशकांत पुढे आला आहे. एका आजारासाठी सिद्ध झालेले, माणसाला देण्यास सुरक्षित ठरलेले औषध दुसऱ्या आजारावर चालते का, हे पाहण्याचा तो मार्ग होय. कोणते जुने औषध कोणत्या आजाराला लागू पडेल, याचा माग माणसाच्या जनुकांत शोधता येतो. दुर्मिळ यकृतविकारांच्या क्षेत्रात हा मार्ग कोठे यशस्वी झाला, कोठे फसला आणि त्यातून सामान्य कुटुंबाने काय घ्यावे, हा या व्याख्यानाचा विषय आहे.

यकृताचे काम आणि जनुकाची चूक

यकृत हे शरीराचे मोठे कोठार आणि तितकेच मोठे शुद्धीकरण केंद्र आहे. अन्नातील घटकांचे रूपांतर, पित्ताची निर्मिती, विषारी द्रव्यांचा निचरा अशी शेकडो कामे तेथे अखंड चालतात. प्रत्येक कामासाठी एखादे विकर किंवा वाहक प्रथिन लागते आणि ते कसे घडवायचे याचा आराखडा जनुकात असतो. त्या आराखड्यात एखाद्या अक्षराची चूक झाली तरी एक काम बिघडते आणि त्याचे परिणाम साऱ्या शरीराला भोगावे लागतात.

अशा अनेक विकारांत आई आणि वडील दोघेही पूर्ण निरोगी असतात. दोघांकडेही त्या जनुकाची एक चांगली व एक सदोष प्रत असते. मुलाला दोन्हींकडून सदोष प्रत मिळाली तरच आजार होतो, आणि तसे होण्याची शक्यता प्रत्येक गर्भारपणात चारात एक एवढी असते. या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. मूल आजारी निघाले की दोष सुनेच्या माथी मारण्याची रीत अजूनही पुष्कळ घरांत आहे. विज्ञानाच्या दृष्टीने तिला कोणताही आधार नाही.

तणनाशकाचे औषध कसे झाले

१९७७ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात एका रसायन कंपनीच्या संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञाच्या लक्षात आले की, तेथील बॉटलब्रशच्या झाडांखाली तण फारसे उगवत नाही. लाल कुंचल्यासारख्या फुलांचे हे झाड भारतातही बागांतून दिसते. झाडातील ज्या द्रव्यामुळे तण खुंटते ते वेगळे काढण्यात आले आणि त्याच्या रचनेवरून अनेक नवी तणनाशके तयार झाली. त्यांपैकी एक म्हणजे निटिसिनोन.

सुरक्षिततेच्या चाचण्यांत ही द्रव्ये उंदरांना दिली गेली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांच्या बुबुळांवर व्रण दिसले आणि रक्तात टायरोसिन नावाचे अमिनो आम्ल फार वाढलेले आढळले. टायरोसिनचे विघटन करणाऱ्या साखळीतील दुसऱ्या पायरीचे विकर हे द्रव्य रोखून धरते, असे पुढे निष्पन्न झाले. तणनाशकाच्या दृष्टीने हा दोष होता. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील वैद्यकीय शास्त्रज्ञ स्वेन लिंडस्टेट यांना मात्र त्यात एका बालरोगाचे उत्तर दिसले.

त्या रोगाचे नाव टायरोसिनेमिया, प्रकार पहिला. साधारणपणे एक लाख जन्मांत एका बाळाला तो होतो; कॅनडातील क्वेबेकच्या एका भागात मात्र त्याचे प्रमाण सुमारे १,८०० जन्मांत एक इतके जास्त आहे. यात टायरोसिनच्या विघटनातील अगदी शेवटच्या पायरीचे विकर सदोष असते. त्यामुळे मधल्या पायरीवरची विषारी द्रव्ये यकृतात साठतात. काही बाळांचे यकृत पहिल्या काही महिन्यांतच निकामी होते. जी वाचतात त्यांना पुढे यकृताच्या कर्करोगाची भीती राहते. मूत्रपिंडेही दुखावली जातात. नेमक्या कोणत्या विकराचा अभाव आहे, हे लिंडस्टेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच १९७७ साली दाखवून दिले होते. पुढे त्या विकराचे जनुक पंधराव्या गुणसूत्रावर सापडले. आहार-पथ्य आणि अखेरीस यकृत-प्रत्यारोपण, एवढेच उपाय तोवर हाती होते.

लिंडस्टेट यांचा विचार शेतकऱ्याला सहज कळावा असा होता. पाटाचे शेवटचे दार अडकले की पाणी तुंबते आणि बांध फोडून उभ्या पिकात शिरते. शेवटचे दार दुरुस्त होत नसेल तर शहाणा माणूस वरचे दार लावून घेतो. निटिसिनोन हे वरचे दार लावते. शेवटच्या पायरीपर्यंत काही पोहोचतच नाही, मग विष तयार होणार कोठून? वरच्या बाजूला टायरोसिन साठते खरे, पण आहारातील प्रथिने मोजून दिली तर ते आवरता येते.

१९९१ साली पहिल्या रुग्णांना हे औषध दिले गेले आणि १९९२ साली पाच रुग्णांचा अनुभव ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २००२ मध्ये अमेरिकेने आणि २००५ मध्ये युरोपने औषधास मान्यता दिली. निदान लवकर होऊन पहिल्या काही आठवड्यांत उपचार सुरू झालेली मुले शाळेत जातात, मोठी होतात. बहुतेकांना प्रत्यारोपणाची गरज पडत नाही. २०२० साली याच औषधाला युरोपात अल्कॅप्टोन्युरिया या दुसऱ्या आनुवंशिक विकारासाठी मान्यता मिळाली, कारण तो विकारही त्याच साखळीतील एका पायरीचा आहे.

या कथेत योगायोग आहे हे खरे. परंतु उंदरांच्या अहवालातील ती नोंद अनेकांनी वाचली असेल. रोगातील बिघाड कोणत्या पायरीवर आहे हे ज्याला आधीपासून ठाऊक होते, त्यालाच तिचा अर्थ लागला.

एकच आजार, निरनिराळ्या चुका

जनुकाचे नाव कळले की काम संपले, असेही नाही. पित्तातील क्षार यकृतपेशीतून बाहेर नेणारे एक वाहक प्रथिन आहे. त्याच्या जनुकात दोष असलेल्या बालकांना कावीळ होते आणि अंगाला असह्य खाज सुटते. ती इतकी तीव्र असते की मूल रात्रभर झोपत नाही, अंग रक्तबंबाळ होईपर्यंत खाजवते आणि त्याच्याबरोबर सारे घर जागे राहते.

या जनुकात चुका अनेक प्रकारच्या आढळतात. काही चुकांमुळे प्रथिन तयारच होत नाही. इतर काहींत ते तयार होते, परंतु त्याची घडी नीट बसत नाही आणि पेशी त्याला वाटेतच अडवते. फिनाइलब्युटिरेट हे युरिया चक्राच्या विकारांसाठी वापरले जाणारे जुने औषध अशा वाटेत अडकलेल्या प्रथिनाला पेशीच्या पृष्ठभागापर्यंत पोहोचण्यास साह्य करते, असे प्रयोगशाळेत दिसले. २०१२ साली फ्रान्समधील वैद्यांनी एका बालकावर याचा यशस्वी वापर झाल्याचे प्रसिद्ध केले. पित्ताचा अडथळा कमी झाला आणि खाज ओसरली. ज्या बालकात ते प्रथिन मुळात घडतच नाही, त्याला या औषधाने काय मिळणार? म्हणून निदानाच्या कागदावर रोगाचे नाव असून भागत नाही. जनुकातील नेमकी चूक कोणती, हेही तेथे लिहिलेले असावे लागते.

अनेक जनुकांचा आजार आणि एक अपयश

वर सांगितलेले विकार एका जनुकाचे आहेत. काही यकृतविकारांत मात्र अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो. प्रायमरी बिलियरी कोलँजायटिस हा असा एक विकार. यात शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतातील बारीक पित्तनलिकांवर उलटते. दहा रुग्णांपैकी सुमारे नऊ स्त्रिया असतात, बहुधा मध्यम वयाच्या. सततचा थकवा आणि खाज ही त्यातील मुख्य लक्षणे. ‘वयाचे आहे’, ‘मनाचे आहे’ असे म्हणून ती घरात दुर्लक्षिली जातात. पित्ताशयातील खडे विरघळविण्यासाठी वापरात असलेले उर्सोडिऑक्सिकोलिक आम्ल या आजारात प्रथम उपयोगी पडले. जुन्या औषधाच्या नव्या उपयोगाचेच तेही उदाहरण. तरीही अनेक रुग्णांना ते पुरेसे ठरत नाही.

अशा आजाराचा जनुकीय माग काढण्यासाठी हजारो रुग्ण आणि हजारो निरोगी व्यक्ती यांच्या जनुकसंचातील लाखो जागांची तुलना केली जाते. रुग्णांमध्ये जी अक्षरे वारंवार आढळतात, त्यांच्या आसपासच्या जनुकांवर संशय जातो. २००९ साली अशा अभ्यासात इंटरल्युकिन-१२ या संदेशवाहक प्रथिनाशी संबंधित जनुके पुढे आली. योगायोग असा की, त्याच संदेशाला अडविणारे उस्टेकिन्युमॅब हे औषध त्याच वर्षी अमेरिकेत सोरायसिस या त्वचारोगासाठी मान्य झाले होते. जनुक बोट दाखवीत होते आणि औषध तयार होते. याहून सोपे काय असावे?

पहिल्या औषधाचा पुरेसा उपयोग न झालेल्या २० रुग्णांना हे औषध देऊन २८ आठवडे पाहण्यात आले. निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाला. यकृताच्या रक्तचाचणीत ४० टक्क्यांहून अधिक घट व्हावी ही अपेक्षा होती. ती एकाही रुग्णात पूर्ण झाली नाही.

असे का व्हावे? एक शक्य कारण असे की, आग लावणारी काडी आणि आग पसरविणारा वारा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जनुकीय तुलना मुख्यतः आजार कोणाला जडतो हे सांगते. जडल्यानंतर दहा वर्षांनी तो कशाने वाढतो, याचे उत्तर तीत असेलच असे नाही.

दुसऱ्या वाटेने आलेले औषध

याच आजारात बेझाफायब्रेट हे रक्तातील चरबी कमी करणारे जुने औषध उपयोगी पडते, असे जपानी वैद्यांच्या निरीक्षणात आले होते. पुढे फ्रान्समध्ये शासकीय संशोधन निधीच्या साहाय्याने १०० रुग्णांची दोन वर्षांची चाचणी झाली. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारासोबत बेझाफायब्रेट आणि अर्ध्यांना तशीच दिसणारी निरुपयोगी गोळी देण्यात आली. कोणाला काय मिळते, हे रुग्णालाही ठाऊक नव्हते आणि वैद्यालाही नाही. २०१८ साली निष्कर्ष जाहीर झाले. बेझाफायब्रेट घेणाऱ्यांपैकी ३१ टक्के रुग्णांच्या यकृतविषयक सर्व चाचण्या पूर्ववत झाल्या. दुसऱ्या गटात एकाच्याही नाही. मात्र औषध घेणाऱ्यांत स्नायूदुखी अधिक दिसली आणि मूत्रपिंडाच्या चाचणीतही थोडा फरक पडला. जुने औषध नव्या रोगात निर्धोकच असेल असे गृहीत धरता येत नाही, हे त्यावरून ध्यानात यावे.

या दोन चाचण्या शेजारी ठेवल्या म्हणजे एखाद्याला वाटेल की, जनुकांचा मार्ग व्यर्थ आणि वैद्याचे निरीक्षणच खरे. तसा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. जनुकीय पुरावा पाठीशी असलेली औषधे चाचण्यांच्या टप्प्यांतून पार पडून मान्यता मिळविण्याची शक्यता इतरांच्या तुलनेत सुमारे २.६ पट अधिक असते, असे २०२४ साली ‘नेचर’ नियतकालिकातील एका व्यापक अभ्यासात आढळले. शक्यता वाढते; खात्री होत नाही. न्यायालयाच्या भाषेत बोलायचे तर जनुक हा भरवशाचा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. निवाडा चाचणीनेच होतो.

साक्षीदार जितके अधिक, तितकी साक्ष बळकट. २०२१ साली प्रायमरी बिलियरी कोलँजायटिसचे १०,५१६ रुग्ण आणि २०,७७२ निरोगी व्यक्ती यांची माहिती एकत्र करून युरोपीय व पूर्व आशियाई वंशांच्या गटांचा अभ्यास झाला. त्यातून जनुकसंचातील ५६ जागा निश्चित झाल्या. अस्तित्वात असलेल्या औषधांचे परिणाम आणि या जनुकांचे जाळे संगणकावर ताडून पाहून पुढील चाचण्यांसाठी औषधे सुचविण्यात आली. त्यांची परीक्षा व्हायची आहे.

भारताची उणीव

या हजारोंच्या आकड्यांत भारतीय रक्त नाही. जगातील बहुतांश जनुकीय माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. भारताचा प्रश्न तर आणखी वेगळा आहे. येथे शेकडो समाज पिढ्यान्‌पिढ्या आपापल्यातच विवाह करीत आले. दक्षिण आशियातील २६० हून अधिक समाजगटांच्या २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८१ गट असे आढळले की, थोड्या पूर्वजांपासून वाढल्याची खूण त्यांच्यात फिनलंडच्या लोकांपेक्षाही ठळक होती. अशा समाजात एखाद्या पूर्वजाकडील सदोष जनुक अनेक घरांत पोहोचलेले असू शकते आणि जगात दुर्मिळ असलेला विकार तेथे तितकासा दुर्मिळ राहत नाही. यात कमीपणाचे काही नाही. उलट, कोणते जनुक सदोष आहे हे एकदा कळले की विवाहापूर्वी वा गर्भारपणात सल्ला घेता येतो, बाळाची चाचणी जन्मतःच करता येते आणि उपचार वेळेवर सुरू होतो. टायरोसिनेमियात तर काही आठवड्यांच्या फरकाने यकृत वाचते किंवा जाते.

या दिशेने पावले पडत आहेत. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील सुमारे दहा हजार भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये फरिदाबाद येथील केंद्रातून संशोधकांना खुली झाली. परंतु ती निरोगी व्यक्तींची आहे. रुग्णांची माहिती रुग्णांकडूनच यावी लागते.

औषधाच्या किमतीतही बदल घडला आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केले की, निटिसिनोन भारतातच तयार होऊ लागल्याने एका रुग्णाचा वार्षिक खर्च सुमारे २.२ कोटी रुपयांवरून अडीच लाखांपर्यंत खाली आला आहे. तांबे साठून यकृत बिघडविणाऱ्या विल्सन आजारावरील ट्रायएन्टिनचा खर्चही २.२ कोटींवरून सुमारे २.२ लाखांवर आला. अडीच लाख ही रक्कम सामान्य घराला लहान नाही. परंतु आप्त, समाज आणि शासन यांनी हात दिला तर ती उभी राहू शकते. २.२ कोटींपुढे तर हात जोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात टायरोसिनेमियाचा समावेश आहे. २०२२ पासून धोरणातील रुग्णाला ५० लाख रुपयांपर्यंत साहाय्याची तरतूद झाली असून ते निवडक उत्कृष्टता केंद्रांतून मिळते. मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय त्यांपैकी एक होय.

कुटुंबाने आणि समाजाने काय करावे

शेवटी, काही गोष्टी घरोघर पोहोचाव्यात. नवजात बालकाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही राहिली, शौचाचा रंग पांढुरका दिसू लागला किंवा लघवी गडद पिवळी होऊ लागली, तर उन्हात धरण्यात आणि घरगुती उपायांत दिवस न घालविता बालरोगतज्ज्ञांकडे जावे. मध्यम वयाच्या स्त्रीला अंगावर पुरळ नसताना सतत खाज सुटत असेल आणि थकवा जात नसेल, तर यकृताची साधी रक्तचाचणी करून घ्यावी. घरात लहान वयात यकृताच्या आजाराने कोणी गेले असेल, तर ते झाकून न ठेवता वैद्यास सांगावे. ती एक ओळ निदानाचे महिने वाचविते.

अमुक जुन्या गोळीचा तमक्या आजारात गुण येतो, असे ऐकून कोणीही ती स्वतःहून सुरू करू नये. उस्टेकिन्युमॅबचा अनुभव त्यासाठीच स्मरणात ठेवावा. तेथे शास्त्र पाठीशी होते, औषध मान्यताप्राप्त होते, तरीही गुण आला नाही. आणि तो येत नाही हे शिस्तीने पाहिल्यामुळेच कळले.

तिसरी गोष्ट थोडी अवघड आहे. दुर्मिळ आजाराच्या संशोधनासाठी रुग्णाने रक्ताचा नमुना आणि आपली हकीकत द्यावी लागते. देताना संमतिपत्र नीट वाचावे, माहिती कोठे ठेवली जाईल आणि नाव गुप्त राहील काय हे विचारावे. तो रुग्णाचा हक्क आहे. त्या नमुन्याचा लाभ देणाऱ्याला होईलच असे नाही. त्या २० रुग्णांना तो झाला नाही. परंतु त्यांच्यामुळे पुढील शेकडो रुग्ण एका निष्फळ औषधाच्या खर्चातून आणि आशाभंगातून वाचले. फ्रान्समधील त्या ५० जणांनी दोन वर्षे निरुपयोगी गोळी घेतली, म्हणून उरलेल्या ५० जणांच्या गोळीचे मोल जगाला कळले.

समाजाच्या संस्थांना यात करण्यासारखे पुष्कळ आहे. आरोग्य शिबिरात मधुमेह आणि रक्तदाबाबरोबर आनुवंशिक आजारांची माहिती देता येईल. दूरच्या गावाहून मोठ्या रुग्णालयात आलेल्या कुटुंबाला निवारा आणि धोरणातील अर्ज भरण्यास साह्य देता येईल. सर्वांत मोठे काम म्हणजे अशा आजाराभोवतीची लाज दूर करणे. ‘मुलीचे लग्न कसे होईल’ या भीतीने निदान लपविले जाते, तेव्हा त्या मुलीचा उपचार लांबतो आणि धाकट्या भावंडाची चाचणीही राहून जाते.

एका बागेत झाडाखाली तण उगवत नाही, हे कोणीतरी पाहिले आणि नोंदवून ठेवले. चौदा वर्षांनी त्या नोंदीतून बाळांचे प्राण वाचू लागले. कोणती नोंद कोणाच्या उपयोगी पडेल हे नोंदविताना कळत नाही. म्हणून ती प्रामाणिकपणे करून ठेवावी. दुर्मिळ आजाराच्या घरांनी निदान न लपविता नोंदविले आणि समाज त्यांच्या पाठीशी उभा राहिला, तर जुन्या औषधांच्या कपाटात अजून न उघडलेले कितीतरी कप्पे उघडतील.